दुकानातलं हसणं : काउंटरवरचे काका, शेजारचा मुलगा आणि शाईवाल्यांचा ग्रुप

या वेळी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. मार्जिन, स्टॉक, उधारी यांवर आपण भरपूर बोललो. आज दुकानातल्या चेष्टामस्करीबद्दल बोलू. विषय हलका वाटेल, पण यात मी शेजारच्या दुकानाचं भर सीझनमध्ये नुकसान झालेलं पाहिलंय आणि एका विक्रेत्याचा चालता धंदा दोन दिवसांत बंद पडलेलाही पाहिलाय. म्हणून जरा नीट वाचा.

माझं स्टेशनरीचं दुकान आहे हे व्हिडिओ बघणाऱ्यांना माहीतच आहे. बाबांच्या काळापासून आमच्याकडे एक काका आहेत. बीबीएला मी 'कस्टमर रिलेशनशिप' नावाचा अख्खा पेपर दिला, पण तो विषय कळला तो काकांच्या शेजारी उभं राहून.

गिऱ्हाईक विचारतं, "काका, हे पेन चालतं का?"

काका म्हणतात, "चालत नाही, लिहितं. चालायला लागलं तर मीच आधी दुकानाबाहेर पळेन."

दहावीची परीक्षा आली की मुलं येतात, "पास करणारं पेन द्या." काका गंभीर चेहऱ्याने फळीकडे बघतात. "ते कालच संपलं बघ. आता फक्त अभ्यास केलेल्यांचं शिल्लक आहे." मुलगा हसतो, सोबतची आई त्याहून जास्त हसते आणि एकाच्या जागी तीन पेनं जातात.

साउंडबॉक्स आल्यापासून तर काकांना जोडीदारच मिळालाय. एखादं गिऱ्हाईक पेमेंट जातंय का बघायला आधी एक रुपया पाठवतं आणि तो डबा अख्ख्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतो, "एक रुपया प्राप्त झाला!" काका लगेच मला म्हणतात, "ताई, आता कॅशिअर ठेवावा लागतोय."

आता यातला एकही विनोद स्टेजवर चालणार नाही. मी इथे लिहिला तेव्हाच अर्धा सपाट झाला. पण काउंटरवर तो चालतो, आणि का चालतो त्याचा अभ्यास झालेला आहे. रॉबर्ट प्रोवाइन नावाचे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मॉलमध्ये, फुटपाथवर, लोक जिथे सहज बोलतात अशा ठिकाणी उभं राहून हसण्याचे १,२०० प्रसंग नोंदवले. त्यात दिसलं असं की विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतरचं हसणं २० टक्क्यांहूनही कमी. बाकी सगळं हसणं 'बरं, भेटू मग', 'अरे, हा बघ आला' असल्या साध्या बोलण्यावरचं. माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या कितीतरी पट चार लोकांत हसतो, असंही त्यांनी मांडलं. म्हणजे हसू येतं ते सोबत असल्यामुळे. विनोद किती भारी आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. विनोदी असण्याचं टेन्शन घेऊ नका. माझे काही विद्यार्थी स्टँडअपचे व्हिडिओ बघून येतात आणि गिऱ्हाइकावर पाठ केलेला जोक टाकतात. बिचारं गिऱ्हाईक खाकी कव्हर घ्यायला आलेलं असतं!

काकांचं निरीक्षण करताना मला एक गोष्ट फार उशिरा दिसली. ते कशावर हसतात यापेक्षा कशावर हसत नाहीत, ते बघण्यासारखं आहे. पेनवर हसतात, पावसावर, लाइट गेल्यावर, स्वतःच्या चष्म्यावर, माझ्या हिशोबावरसुद्धा. पण भाव तीनदा विचारणाऱ्यावर ते कधीच काही बोलत नाहीत. शाळेची यादी वाचता येत नाही म्हणून जो माणूस कागद नुसता पुढे करतो, त्याच्यासमोर काका यादी स्वतः मोठ्याने वाचतात, "हां, दोनशे पानी सहा, चित्रकलेची एक, आलेख वही एक," जणू ती त्यांची रोजची सवयच. एकदा एक मावशी चिल्लर मोजत होत्या. मागे रांग होती आणि रांगेतल्या कोणीतरी काहीतरी पुटपुटलं. काका म्हणाले, "द्या द्या, मावशी, सुट्ट्यांसाठी मी सकाळपासून वाट बघतोय." खरंच बघत होते. गल्ल्यात सुट्टे नव्हतेच.

जूनमध्ये सतरा वह्यांची यादी बघून एक वडील म्हणाले, "आम्ही अख्खी शाळा दोन वह्यांत काढली." काका म्हणाले, "म्हणूनच पोराला सतरा लागतायत." सगळे हसले, तेही हसले. पण ते पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक आहे. नव्या माणसाला काका हे बोलले नसते. वाक्य तेच, माणूस बदलला की अपमान.

इथे कोणीतरी म्हणेल, मग पुण्याच्या पाट्यांचं काय? तिथे तर गिऱ्हाइकाची उघड उघड फिरकी घेतात आणि तरी दुकानं चालतात. बरोबर आहे. पण पाटी एका माणसाला उद्देशून नसते. 'विनाकारण चौकशी करू नये' हे वाचताना प्रत्येकाला वाटतं, हे माझ्या मागच्यासाठी लिहिलंय. तेच वाक्य तोंडावर ऐकवून बघा. शिवाय त्या पाट्यांच्या मागे वर्षानुवर्षं टिकवलेला माल असतो. चितळे बंधूंचं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं यावर महाराष्ट्राने इतके विनोद केले की २०१७ च्या जुलैपासून दुपारीही दुकान उघडं ठेवायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा त्याची बातमी झाली. बाकरवडी चांगली नसती तर त्याच एक ते चारची नुसती तक्रार झाली असती. नवीन दुकान काढलंय, माल अजून कोणाला माहीत नाही, आणि दारावर तिरकस पाटी लावायची असेल तर जरा थांबा. अमूलच्या जाहिरातीतली मुलगी १९६६ पासून चालू घडामोडींवर कोट्या करते आहे. बघितलंत तर लक्षात येईल, बहुतेक वेळा रोख बातमीवर असतो, लोणी घेणाऱ्यावर नसतो.

चांगला हसायचा की!

आता जरा नको वाटणारा भाग.

आमच्या बाजारात एक दुकान आहे. नाव सांगत नाही आणि कोणत्या मालाचं तेही सांगत नाही. तिथे एक मुलगा होता. हिशोबाला पक्का, गोडाऊनमध्ये कुठला खोका कुठे आहे हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. अंगाने जाड होता. पहिल्याच आठवड्यात त्याला एक नाव पडलं. मग मालक त्या नावाने हाक मारायला लागले, मग माल घेऊन येणारे टेम्पोवाले, मग गिऱ्हाईकंसुद्धा. चहा आला की "याला दोन कप द्या रे", शिडीवर चढला की "शिडीचा विमा काढलाय ना?" हे रोज, दिवसातून आठ-दहा वेळा. आणि तो मुलगा हसायचा. मीही ते जाता-येता ऐकलंय.

सीझनच्या ऐन तोंडावर, एका सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. फोन बंद. पंधरा दिवसांनी कळलं की दुसऱ्या गावातल्या एका मोठ्या दुकानात लागलाय, पगार जवळपास तेवढाच. मालक माझ्याकडे येऊन म्हणाले, "कळत नाही हो. काही भांडण नाही, काही नाही. चांगला हसायचा की!"

मित्रांनो, या वाक्यावर थोडं थांबा. मालक खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की मुलगा मजेत आहे. पण ज्याची नोकरी तुमच्या हातात आहे, त्याचं तुमच्या विनोदावरचं हसणं हा पुरावा धरता येत नाही. तो न हसून जाणार कुठे? काकांसारखा वीस-पंचवीस वर्षं जुना माणूस मालकिणीची फिरकी घेतो तेव्हा गोष्ट वेगळी, कारण तिथे विनोद खालून वर जातो. वरून खाली आलेला विनोद खालच्याला परत करता येत नाही. तो साठवला जातो.

त्या दुकानाचं किती नुकसान झालं? गोडाऊनमधला माल सापडेना म्हणून असलेलाच माल परत मागवला गेला, दोन नवी मुलं लावली आणि त्यांना शिकवण्यात अख्खा सीझन गेला. या नुकसानाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. त्या वर्षी माल पडून राहिला एवढंच दिसतं.

मी माझ्या बॅचमध्ये एक साधी चाचणी सांगते. दुकानात ज्या माणसावर सगळ्यात जास्त विनोद होतात, तो स्वतः तो विषय काढतो का? आमचे काका चष्म्याचा विषय स्वतः काढतात. त्या मुलाने स्वतःच्या वजनाचा विषय कधी काढला नव्हता. एवढं बघितलं तरी पुरे.

आणि काही विनोद असे आहेत की त्यांची चाचणी घ्यायचीच नाही. दुकानात किंवा ऑफिसात स्त्रिया काम करत असतील तर लैंगिक अर्थाचे शेरे, 'डबल मीनिंग' जोक, तसे फॉरवर्ड हे २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळात मोडतात. "माझ्याकडे चारच माणसं आहेत, मला काय लागू?" असं मला दर बॅचला कोणीतरी विचारतं. लागू आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तर स्वतःची अंतर्गत समिती नेमावी लागत नाही, पण तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. तसंच अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून हिणवणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. "गंमत केली" हे उत्तर तिथे कामाला येत नाही. कायदा नसता तरीही हे करायचं नसतं, पण आहे तर माहीत असावा.

शाईवाले

आता दुसरीकडे वळू. तुमच्यातले बरेच जण एखाद्या छंदाच्या मालाचा धंदा करू बघताय: क्रोशाचं सूत, बोन्सायच्या कुंड्या, सायकलचे पार्ट, केक सजवायचं सामान. या लोकांचे ऑनलाइन ग्रुप असतात आणि तिथली चेष्टामस्करी समजल्याशिवाय तुमचा माल तिथे जात नाही. मी फाउंटन पेनवाल्यांच्या ग्रुपमध्ये आहे, म्हणून तिथलंच सांगते.

शाईचं पेन ही आपल्याकडे काही परदेशी फॅशन नाही. दांडेकर बंधूंनी मुंबईत १९३१ साली शाईच्या पावडरीपासून सुरुवात केली आणि त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली. बंगालमध्ये १९३४ साली स्वदेशीच्या वातावरणात सुलेखा शाई आली. ती मध्ये बंद पडली आणि २०२० मध्ये पुन्हा बाजारात आली, कारण घ्यायला शौकीन तयार होते. नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार हे लोक 'फाउंटन पेन डे' म्हणून साजरा करतात, २०१२ पासून. आमच्या ग्रुपमध्ये शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, दोन डॉक्टर आहेत (त्यांच्या अक्षरावर रोज एक विनोद होतो), एक ट्रॅक्टरचे डीलर आहेत, दुबईत नोकरी करणारे एक सांगलीकर आहेत.

यांचे विनोद ठरलेले. 'हे शेवटचं पेन' ही शपथ दर महिन्याला कोणीतरी घेतो आणि बाकीचे तारीख लिहून ठेवतात. बोटं निळी झालेला फोटो टाकला की 'मतदान करून आलात?' पांढऱ्या शर्टाचा खिसा निळा झाला की श्रद्धांजली. आणि सगळ्यात जुना विनोद म्हणजे पेनाची खरी किंमत घरी सांगायची नाही. पूर्वी तो 'बायकोला सांगू नका' असा होता. मग ग्रुपमधल्या एका बाईंनी लिहिलं, "माझा नवराही हेच समजतो की सगळी पेनं दोनशे रुपयांचीच असतात." तेव्हापासून सगळे 'घरच्यांना' म्हणतात. कोणी भाषण दिलं नाही, ठराव केला नाही.

या विनोदातून मला धंद्याचं काय कळलं? एक, हे लोक गरजेपोटी घेत नाहीत, म्हणून 'स्वस्त आहे' हे सांगून उपयोग नाही. दोन, पार्सल घरी कोण उघडणार याची त्यांना खरी काळजी असते. एकाने मला सांगितलं, "ताई, पार्सलवर 'वह्या' लिहा." मी 'स्टेशनरी' लिहिते, ते खरंही आहे. दुसऱ्याने कमी रकमेचं बिल मागितलं, तेही हसत हसत. तिथे मी नाही म्हटलं. पार्सलवर काय लिहायचं ही गंमत, बिलावर काय लिहायचं हा हिशोब. हसत मागितलं म्हणून हसत द्यायचं नसतं.

ग्रुपमधली मला सगळ्यात आवडलेली पद्धत मात्र वेगळी आहे. नवीन माणूस येतो आणि हमखास एक चूक करतो: चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई फाउंटन पेनात भरतो. ती शाई वाळली की आत थर धरते आणि पेन तुंबतं. मग तो घाबरून विचारतो, "नवीन पेन होतं, बाद झालं का?" आता ही विनोदाला सोन्यासारखी संधी! पण तिथे अलिखित नियम आहे की आधी उत्तर द्यायचं. लगेच शाई ओतून टाका, साध्या पाण्याने धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा, गरम पाणी वापरू नका, निब ओढून काढू नका. हे सगळं झालं, पेन पुन्हा लिहायला लागलं, त्याने खुशीत फोटो टाकला, की मग "स्वागत आहे, पहिला खून माफ" सुरू होतं. तोवर तोही हसायला तयार असतो. हे मी दुकानात नव्या मुलांसाठी जसंच्या तसं उचललंय. जीएसटीचं बिल चुकलं तर आधी दुरुस्त करायला शिकवायचं. चहाच्या वेळी काय हसायचं ते हसू.

याच ग्रुपमध्ये एक विक्रेता होता. जुन्या कंपन्यांची न वापरलेली पेनं विकायचा, आणि चांगला खप होता. एका शिक्षकांना आलेल्या पेनाच्या टोपणाला बारीक चीर होती. त्यांनी फोटो टाकला आणि नम्रपणे विचारलं, "हे बदलून मिळेल का?" विक्रेत्याने उत्तर लिहिलं, "सर, पेन पन्नास वर्षांचं आहे, तुम्हाला पन्नाशीत सुरकुत्या नाही पडल्या?" आणि पुढे तीन हसरे चेहरे.

वाक्य वाईट नाही. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या विषयावर लोक त्यावर हसलेही असते. पण त्या वेळी ग्रुपमध्ये कोणीच हसलं नाही. एका मिनिटात तीस मेसेज पडणारा ग्रुप तासभर गप्प. मग दुसऱ्याने आपल्या चिरलेल्या टोपणाचा फोटो टाकला, मग तिसऱ्याने. तोपर्यंत हे लोक सांभाळून घेत होते. 'जुनं पेन आहे, चालायचंच' म्हणत होते. दोन दिवसांत त्याचं तिथलं दुकान बंद. पैसे परत करून तो विषय पहिल्याच मेसेजला मिटला असता, तेही एका टोपणाच्या किमतीत.

तक्रार आली की विनोद करायचा हक्क फक्त तक्रार करणाऱ्याचा. तो हसला, "ताई, तुमचं पेन माझ्यापेक्षा आळशी आहे" म्हणाला, तर तुम्ही हसू शकता. तोपर्यंत तुमच्या मेसेजमध्ये तीनच गोष्टी हव्यात: चूक कळली, काय करतोय, कधीपर्यंत. हसरा चेहरासुद्धा नको.

छंदाच्या ग्रुपमध्ये शिरायचं असेल तर अजून थोडं सांगते. पहिले दोन-तीन महिने काही विकू नका, फक्त वाचा. विक्रीची पोस्ट कोणत्या दिवशी चालते ते ॲडमिनला विचारा. तुमच्याकडे नसलेली शाई कोणी विचारली तर ती कुठे मिळेल ते सांगा, दुकान दुसऱ्याचं असलं तरी. मी सांगते, आणि तीच माणसं पुढे दौतीसोबत कागद, वह्या, ब्लॉटिंग पेपर माझ्याकडून नेतात. आणि स्वतः छंद नसेल तर आहे असं दाखवू नका. हे लोक निब धरण्याच्या पद्धतीवरून ओळखतात.

ग्रुपमधला विनोद जाहिरातीत वापरायचा मोह मात्र सगळ्यांना होतो. 'हे शेवटचं पेन' हे वाक्य मी दौतीच्या डब्यावर स्टिकर म्हणून छापायचं ठरवलं, तेव्हा ते ग्रुपमध्ये पहिल्यांदा कोणी लिहिलं होतं ते शोधलं. निघाले आमचे ट्रॅक्टरवाले. त्यांना फोन केला. म्हणाले, "छापा की! पैसे नकोत, दहा स्टिकर पाठवा." पाठवले. त्यांनी ते शोरूममधल्या ट्रॅक्टरांवर चिकटवले, आणि तो फोटो ग्रुपमध्ये आल्यापासून त्या स्टिकरसाठी लोक दौत मागवतायत.

पुढच्या व्हिडिओत जूनच्या सीझनचा स्टॉक कसा मोजायचा ते बघू. मागच्या वर्षीची बिलं काढून ठेवा आणि वही-पेन घेऊनच बसा. पेन कोणतंही चालेल. म्हणजे, लिहिणारं.